मेरेवरचा राखणदार

फ्रान्सिस्काचा फोन आला तेव्हा गुरुदास खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होता. फोन ठेवला आणि त्याला पुढची सुपारी हातात धरवेना.

"गुरुदास रे, ह्या वर्साक बाटली धाडणंय नाय," फ्रान्सिस्का म्हणाली होती. "मीच येतंय. माझो झील सिडनी फुडल्या आयतवारी बोटीर कामाक जाता. तेका घेवन येतंय. राखण माझ्या हातान दिवची आसा. आणि तुमच्या डोंगरार पार्क की काय ता केल्यानी म्हणतत, ता पण बघतंय."

"ये गो ये," गुरुदास म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

सुशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून फोन कुणाचा ते तिने ओळखलं. दर वर्षी शिमगा सरला की हा फोन येई, आणि दर वर्षी तो आला की सुशीला उठून परसात जाई. आज मात्र ती जागची हलली नाही.

"आता काय करतालास?" तिने विचारलं.

"बघूया."

"बघूया कसला? सांगा तिका. इतकी वर्सां नाय सांगलास, आता तरी सांगा."

गुरुदासने सुपाऱ्यांची टोपली उचलून आत नेली. सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, हाच तर घोळ होता.

शिरोड्याच्या वरच्या अंगाला डोंगरवाडी आहे. तिथे गुरुदासचं आणि लिनोचं, म्हणजे फ्रान्सिस्काच्या नवऱ्याचं, घर शेजारी शेजारी. मधे मेर, म्हणजे दोघांच्या जमिनीचा बांध, आणि मेरेवर जुन्या किंदळाच्या झाडाखाली एक काळा दगड. तो राखणदार. दोन्ही घरांची जमीन, गुरं, माणसं, सगळ्यांची राखण त्याच्याकडे. वर्षातून एकदा त्याला तांदळाचा रोट, विडीचा जुडगा आणि घोटभर सोरो द्यायचा. सोरो म्हणजे दारू. लिनोच्या घरची काजूची फेणी त्याला पसंत होती असं जुनी माणसं सांगत. रोट गुरुदासच्या घरचा, फेणी लिनोच्या घरची, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, गुरुदासच्या बापाने आणि त्याच्यामागून गुरुदासने घालायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. फ्रान्सिस्का आधी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस करी आणि मग सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणे. चर्चमधल्या फादरला हे कधी कळू दिलं नव्हतं, पण फादरच्या घराला कुठे मेर होती? राखण देऊन झाली की उठायचं आणि घराकडे चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. कुणी बघितलं तर राखणदार उठून जातो आणि दिलेली राखण फुकट जाते. लहानपणी गुरुदासची मान मागे वळू नये म्हणून बाप त्याचा कान धरून चालवीत असे.

मग डोंगरात लोखंडाची माती निघाली. कंपनी आली, लाल धूळ आली, विहिरीचं पाणी तांबूस झालं. लिनोची जमीन वरच्या बाजूला, अगदी खाणीच्या तोंडावर. त्याने ती विकली आणि बायको-मुलाला घेऊन म्हापशाला बहिणीच्या शेजारी जाऊन राहिला. गुरुदासची जमीन खालच्या बाजूला, ती कंपनीला नको होती. कंपनीला गुरुदास हवा होता. मातीच्या ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर त्याला नोकरी लागली. पँट घालून कामाला जाणारा वाडीतला तो पहिलाच, त्यामुळे चालही थोडी बदलली होती.

जाताना फ्रान्सिस्काने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "घर गेला, जमीन गेली, पण राखणदाराक आमी इकूक नाय. तेची चाकरी चुकवू नको रे. सोरो मी दर वर्साक धाडतंय." आणि गुरुदासने मोठ्या तोऱ्यात "माझ्यार सोड" म्हटलं होतं.

खाणीतली टाकाऊ माती मेरेच्या दिशेने सरकू लागली तेव्हा एक डंपरवाला, दूर झारखंडातला, गाडी थांबवून काट्यावर आला. झाडाखाली दगड आहे, विड्या आहेत, करवंट्या आहेत, किसी का भगवान है क्या, असं त्याने विचारलं. त्या परक्या माणसाला थांबावंसं वाटलं, हे गुरुदासला पुढे कितीतरी वेळा आठवलं. राखणदाराचा दगड कुणी मनाला येईल तसा हलवत नाही. देवळात जाऊन कौल लावायचा, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पाकळी पडली तर देवाने हो म्हटलं, मग गाऱ्हाणं घालून दगड हलवायचा. गुरव त्या आठवड्यात गावाला गेलेला. गुरुदासला मिठबावला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. "सोमवारपर्यंत थांब. हम आके कौल लेंगे," असं त्याने डंपरवाल्याला सांगितलं आणि तो लग्नाला गेला.

लग्न झालं, पूजा झाली, मग मेहुण्याने होडी काढली, सुरमई मिळाली, आणि मिठबावच्या वाळूत पाय पसरून बसलेल्या गुरुदासला सोमवार आठवला तो मंगळवारी. परत आला तेव्हा मेर नव्हती, किंदळ नव्हता, नुसता लाल मातीचा डोंगर होता. डंपरवाल्याने शब्द पाळला होता. त्याला थांबायला सांगितलं तितकं तो थांबला होता. गुरुदासच तेवढा वेळेवर परतला नव्हता.

पुढच्या शिमग्यानंतर म्हापशाच्या गाडीने फेणीची पहिली बाटली आली. तो रोट आणि बाटली घेऊन त्या मातीच्या ढिगाभोवती फिरला. दगड कुठे असेल याचा अंदाज लागेना. पायाखाली की समोर की मागे? कुठे ठेवायचं आणि कुणाला? बाटली तशीच पिशवीत घेऊन तो घरी आला आणि तितक्यात फोन वाजला.

"दिलंस मा रे राखण?"

"दिली गो," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी सांगू, समोरासमोर भेटली की सांगू, असं त्याने ठरवलं. भेट झाली ती लिनोच्या मयताला. लिनो झोपेतच गेला होता. फ्रान्सिस्का गुरुदासच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "राखण चुकाक नाय, तरी नेल्यान रे. म्हणजे वयल्याचीच मर्जी. माका दुसरो दोष नाय." त्या शेवटच्या वाक्यावर ती उभी होती हे गुरुदासला दिसत होतं. ते काढून घ्यायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवसापासून सांगायची वाट बंद झाली.

आणि बाटल्या? पहिली तांदळाच्या डब्यामागे वर्षभर राहिली. मग गुडघ्याला चोळायला थोडी घेतली. मग गटारीला दोस्त जमले आणि घरात दुसरं काही नव्हतं. एकदा बूच निघाल्यावर पुढच्या बाटल्यांना कारण लागलं नाही. राखणदाराचा सोरो पिऊन वर मिशी पुसणारा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल. नशा मात्र त्या फेणीची कधी चढली नाही. घोट घशात अडकायचा आणि तिथेच बसायचा.

आता खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. खड्ड्यात पाणी साचून तळं झालं होतं, मातीच्या ढिगाला पायऱ्या पाडून त्यावर सुरूची आणि अकेशियाची झाडं लावली होती आणि फाटकावर मोठी पाटी आली होती, 'हरितस्वप्न निसर्ग उद्यान'. नाव ठेवणाऱ्याने डोंगर आधी पाहिला नव्हता, हे उघड होतं. तो डोंगर हिरवाच होता, त्यासाठी कुणाला स्वप्न पडायची गरज नव्हती.

फ्रान्सिस्का यायची त्या दिवशी गुरुदास उजाडताच बागेत गेला. फाटकावरचा गणपत पूर्वी खाणीवर राखणीला होता, त्याने काही न विचारता आत सोडलं. ढिगाच्या खालच्या अंगाला, जिथे मेर असावी असं मनाला वाटत होतं, तिथे फुलझाडांच्या वाफ्याला काळ्या दगडांची किनार केली होती. सगळ्या दगडांना चुना फासलेला. त्यातला बऱ्यापैकी मोठा, एका सुरूच्या झाडाजवळचा दगड त्याने निवडला. कोयत्याच्या टोकाने चुना खरवडला. सुशीलेच्या बाटलीतलं खोबरेल चोळून दगड काळा केला. मग विड्या पेटवल्या, ठसका लागेपर्यंत ओढल्या आणि थोटकं अवतीभोवती टाकली. विडी त्याने जन्मात ओढली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. देव तयार करायला पाव तास पुरतो, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

फ्रान्सिस्का रिक्षातून उतरली ती हातात पिशवी घट्ट धरून. केस पुरते पांढरे झाले होते, पण फुलाफुलांचा झगा तसाच आणि आवाजही तसाच. मागून सिडनी उतरला, दाढी राखलेला, रुंद खांद्यांचा. सुशीलेला त्याने वाकून नमस्कार केला. लहानपणी तो तिच्याच हातचे घावणे खाऊन शाळेत जायचा.

गणपतने तिकिटं पुढे केली. फ्रान्सिस्काने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"आपल्याच खळ्यात जावक तिकीट?" ती म्हणाली. "बघ गो सुशीला, काय दीस इले."

आत गेल्यावर ती तळ्याच्या कठड्यापाशी थांबली. पाणी हिरवंनिळं, तळ न दिसणारं. त्यावर हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या फिरत होत्या. कुणी नवीन लग्न झालेली जोडी फोटो काढत होती. फ्रान्सिस्काने बोट दाखवून हिशोब लावायला सुरुवात केली. ती होडी आहे तिथे बाव, म्हणजे विहीर. तिच्या डावीकडे गोठा. आणि त्या दुसऱ्या हंसाच्या जागी स्वयंपाकघर.

"सिडनी, थंय तू चुलीत हात घातलं होतंस," ती म्हणाली.

सिडनी हसला. त्याचा डावा हात आपोआप खिशात गेला.

ती आता रडेल, असं गुरुदासला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं, निदान तिचं सांत्वन करता आलं असतं. पण फ्रान्सिस्काने कठड्यावरचा हात काढला आणि झग्याला पुसला. "घर गेला तर जाव दी," ती म्हणाली. "राखणदार आसा मा जाग्यार? मगे झाला. चल, दाखव."

गुरुदास पुढे चालू लागला. सुशीला त्याच्यापासून अंतर ठेवून चालत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गर्दीतही ती कधी इतकी लांब चालली नव्हती.

दगडापाशी फ्रान्सिस्का उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"किंदळ खंय गेलो?"

"पडलो. पावसात."

"आणि हो बारको दिसता रे. पयलो मोठो होतो."

"माती चढली मगे. अर्दो आत आसा."

फ्रान्सिस्का वाकली. दगडाच्या खाचेत चुना राहिला होता, त्यावर तिने बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "हो चुनो कसो?"

"सरकारी माणसां ती," गुरुदास म्हणाला. "दिसात त्या दगडाक चुनो फासतत. मी येवन पुसतंय."

इतक्या सफाईने आपण खोटं बोलू शकतो, याचीच त्याला भीती वाटली. फ्रान्सिस्काने मात्र मान डोलावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू होतंस म्हणान रे," ती म्हणाली. "दुसरो कोण इतक्या करता?"

उन्हं चढली होती. फ्रान्सिस्काला दम लागला, म्हणून ती आणि सुशीला झाडाखालच्या बाकावर बसल्या. पिशवीतून केळीचं पान निघालं, सुशीलेने घरून केलेला रोट निघाला, फेणीची बाटली निघाली. दोघी पान मांडू लागल्या. गुरुदासला तिथे बसवेना. तो वरच्या पायरीकडे चालू लागला आणि सिडनी त्याच्या मागोमाग आला.

वर लोखंडी कठड्याचा सज्जा केला होता, तिथून लांबवर शिरोड्याचा समुद्र दिसे. सिडनी कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला. तो बोलला ते समुद्राकडे बघतच.

"काका, माका ह्या खेपेक जावक नको होता."

"कित्याक रे?"

"गेल्या खेपेक तांबड्या समुद्रात आमच्या फुडल्या बोटीर मिसाईल पडला. आमी डेकार उबे रवान बघीत होतांव. थंय माझ्या वळखीचो एक पोरगो होतो, मालवणचो." त्याने कठड्यावरचा गंज नखाने खरवडला. "मम्मीक मी ह्या सांगूक नाय. ह्या खेपेक तोच रस्तो. मी म्हटलंय, नको जावया, हंयच कायतरी बघूया. तर ती म्हणता, भिया नको, गुरुदास दर वर्साक राखण देता, तुका कायेक जावचा नाय. तिना माझी बॅग भरल्यान, काका. कपडे इस्त्री करून भरल्यान."

आपलं खोटं एक म्हातारी सुखाने झोपावी इतक्यापुरतं आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. ते खोटं पोराची बॅग भरत होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

सिडनीने वळून पाहिलं. "काका, खरा सांग. ता चलता काय रे? राखण आणि ता सगळा?"

आता सांगितलं तर पोरगा जायचा नाही. जन्मभर कुणी तोंड बघितलं नाही तरी चालेल, पण पोरगा जायचा नाही. गुरुदासने कठडा धरला आणि सांगितलं. कौल, मिठबाव, मंगळवार, मातीचा ढीग, बाटल्या. सकाळचा चुनासुद्धा. काही राखून ठेवलं नाही. सांगताना आवाज आपला नसल्यासारखा वाटत होता.

खाली हंसाच्या होडीतून कुणाच्या तरी मुलीचं खिदळणं ऐकू येत होतं.

"म्हणजे मी इतकी वर्सां फुकटच निवांत झोपलंय," सिडनी म्हणाला आणि हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तू जाव नको," गुरुदास म्हणाला. "तेच्यासाठीच सांगलंय. आता खाली जावन तिका पण सांगतंय. माका काय म्हणाचा ता म्हणांदे."

"नको."

"अरे पण..."

"काका, तू तिका सांगलंस, तर ती पयला काय इचारतली म्हायत आसा? पप्पा गेलो तेवा राखण होती काय नव्हती. काय सांगतलंस?"

गुरुदासने खालच्या बाकाकडे पाहिलं.

"राखण होती म्हणान ती जगली," सिडनी म्हणाला. "नायतर आपण जमीन इकली म्हणान पप्पा गेलो, असाच धरून बसतली. मी हंय रवलंय तरी ती बरी रवाची नाय. आणि मी नाय गेलंय, तर कित्याक म्हणान इचारतली. माका तुझ्यासारख्या खोटा बोलूक येणा नाय. मगे सगळाच भायर येतला."

शेवटचं वाक्य त्याने रागाने म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

"जातंय मी," तो म्हणाला. "सगळेच जातत. सगळ्यांच्या घराकडे खंय राखणदार आसा?" मग त्याने गुरुदासच्या सदऱ्याची चुरगळलेली कॉलर सारखी केली, लहान मुलाची करतात तशी. "चल. गाऱ्हाणा मात्र बरा घाल. तुझा गाऱ्हाणा बरा असता म्हणता मम्मी."

मार खाल्ला असता तर गुरुदासला चाललं असतं. तो पायऱ्या उतरला तेव्हा त्याला वाटलं, आपण पोराला सोडवायला बोललो आणि आपलंच ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून खाली आलो.

पान मांडून झालं होतं. फ्रान्सिस्काने दगडापुढे रोट ठेवला, विडी पेटवून खाचेत टेकवली, करवंटीत फेणी ओतली. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि हात जोडले. "घाल रे," ती म्हणाली.

गुरुदास दगडासमोर उभा राहिला. बापाच्या तोंडून ऐकलेले शब्द आपोआप आले.

"बा देवा, मेरेवरच्या राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," फ्रान्सिस्का म्हणाली. सिडनीचा आवाज तिच्याहून मोठा होता.

"आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. तेंच्या हातचो रोट, तेंच्या हातचो सोरो मानून घे..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या दोन घरांची जी काय पोरा-बाळा देशावर, परमुलखात, दर्यावर आसत, तेंची राखण कर..."

"व्हय म्हाराजा."

इथून पुढचे शब्द बापाचे नव्हते. गुरुदासने डोळे मिटले. "तू हंय असशीत, नायतर खंय मातयेखाली, दगडाखाली गाडलेलो असशीत, असशीत थंयसून ऐक म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सिडनी एकटाच म्हणाला, मग फ्रान्सिस्का.

"तुझी चाकरी ज्या कोणाकडसून चुकली असात, तुझो घास ज्या कोणी खाल्ल्यान असात, तेचा पाप तेच्याच माथ्यार घाल. ह्या झिलाच्या अंगार येव दी नको म्हाराजा..."

मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गाऱ्हाणं मनापासून घातलं होतं, आणि तेसुद्धा वाफ्याच्या किनारीच्या दगडाला.

"व्हय म्हाराजा!" सिडनी म्हणाला. इतक्या मोठ्याने की तळ्याकाठची माणसं वळून बघू लागली. सुशीलेने पदर तोंडाला लावला होता. तिने एकदाही "व्हय" म्हटलं नव्हतं.

फ्रान्सिस्का पुढे आली आणि आपल्या रुमालाने तिने गुरुदासचे डोळे पुसले. "अशा कित्याक म्हणतंस रे?" ती म्हणाली. "तू खंय चुकलंस? एक वर्स चुकाक दिलंस नाय. बघ, माझा काळीज आता हलक्या झाला."

रुमालाला तिच्या घरातल्या कापराचा वास होता. गुरुदासने मान खाली घातली. ती त्याला भाबडेपणाने जितकं मोठं करत होती तितका तो आत लहान होत होता.

"चला," फ्रान्सिस्का म्हणाली. "आणि मागे बघू नकात कोणी."

सगळ्यांत पुढे ती, मग सुशीला, त्यांच्या मागे सिडनी आणि गुरुदास. फाटकाकडे जाणारा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडांची रांग. गुरुदास पायांकडे बघत चालत होता. मागे बघायचं नाही. बघून तरी काय होणार होतं? तिथे होतं कोण उठून जायला? तरी बापाने धरलेला कान त्याला आठवत होता आणि तो मान ताठ ठेवून चालत होता.

तेवढ्यात मागे पत्र्याची बादली टेकल्याचा आवाज आला.

गुरुदासने वळून पाहिलं. बागेचा माळी वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. रांगेतला एकच दगड काळा कसा राहिला, म्हणून तो त्रासला असावा. त्याने रोट आणि पान पायाने बाजूला सारलं, करवंटीचा वास घेतला, ती नीट झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि बादलीत कुंचला बुडवून दगडावरून चुन्याचा हात फिरवला.

गुरुदासला आपण काय केलं ते मग उमगलं. त्याने झटक्यात मान पुढे केली. शेजारी सिडनी थांबला होता. त्याची नजर माळ्याकडे नव्हती. ती गुरुदासकडे होती, आणि तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. इतका वेळ शहाण्यासारखं बोलणारं ते पोर आतून भ्यालेलं होतं आणि त्या दगडाला, त्या गाऱ्हाण्याला, कशालाही धरायला तयार झालं होतं. तेवढंही गुरुदासने ठेवलं नव्हतं.

"कोणी मागे बघूक नाय मा रे?" पुढून फ्रान्सिस्काने, मान न वळवता, विचारलं.

गुरुदासने सिडनीकडे पाहिलं.

"नाय मम्मी," सिडनी म्हणाला. "कोण नाय."